काउंटरखाली पाच दिवस

मामा फोन कधी स्वतःहून उचलायचे नाहीत. डावा तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "ठेव." मी फोन त्यावर ठेवला की डोळे मिटून तळहात दोनदा वरखाली करायचे. मग सदऱ्याच्या खिशातून सुताराकडे असतो तसला पोलादी टेप काढून लांबी मोजायचे, रुंदी मोजायचे, जाडीसुद्धा मोजायचे. सगळं झालं की टेप कर्रकन आत जायचा आणि मामा म्हणायचे, "बघूया की. घाई काय हाय?"

कर्नाटकातल्या जोयड्यात बस स्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, कव्हर, चार्जर, फुटलेल्या काचा बदलणं, आणि काचेच्या कपाटात पंधरा-वीस फोन. कुठल्याही दुकानदाराला विचारा, प्रत्येकाचं एक असं गिऱ्हाईक असतं, जे घेतही नाही आणि पाठही सोडत नाही. माझ्या वाट्याला मामा आले होते.

नात्याने ते माझे कोणी नव्हते. गुंद गावाच्या पलीकडे रानात चार घरांची वाडी, त्यातलं एक त्यांचं. थोडं भात, थोडी सुपारी. उभं आयुष्य लाकडाच्या डेपोत ओंडके मोजण्यात गेलेलं. रिटायर झाल्यावर ओंडके सुटले, टेप सुटला नाही. मला ते कानडीत म्हणतात तसं "तम्मा" म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण त्यांनी एकदा मला तम्मा ठरवलं ते ठरवलं.

दोन वर्षं ते फोन बघत होते. बाजारात नवा फोन आला की पुढच्या आठवडी बाजाराला मामा हजर. फार महाग नको आणि फार स्वस्तही नको. "स्वस्तातला घेतला तर म्हातारीला पोरगी नीट दिसायची न्हाई," म्हणायचे. "आनि महागातला घेतला तर मला झोप यायची न्हाई." म्हातारी म्हणजे त्यांची बायको, पोरगी म्हणजे एकुलती एक मुलगी. लग्न होऊन मस्कतला गेलेली.

त्यांच्या परीक्षा मी अजून कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत पाहिलेल्या नाहीत. रिंगचा आवाज पूर्ण मोठा करून फोन माझ्याकडे द्यायचे आणि स्वतः स्टँडवर जाऊन उभे राहायचे. तिथून हात वर केला की मी रिंग वाजवायची. ऐकू आली की दुसरा हात वर. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं कानात बोटं घालून उभी. कॅमेरा बघायचा तर उळवीच्या बसच्या पाटीचा फोटो काढायचे, आत येऊन तो मोठा करायचे आणि पाटीखालचा नंबर वाचता येतो का ते बघायचे. एकदा मी उत्साहाने सांगितलं, "मामा, ह्याला पन्नास मेगापिक्सेल आहे."

"येवढं कशाला?" ते म्हणाले. "आमच्या घरात मानसं दोन."

मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्यांचा लळाच लागला होता. चहा मागवताना दोन कप मागवायचो. त्यांच्या वाडीत रेंज नाही, पण खालच्या अंगाला शाळेच्या मास्तरांचं घर आहे, तिथे वायफाय आहे. "मास्तराच्या पडवीत बसून धरंल न्हवं?" हा त्यांचा दर खेपेचा प्रश्न. मी दर खेपेला सांगायचो, धरेल. ते दर खेपेला नव्याने ऐकायचे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी ते वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा घेऊन आले. नुकताच निघालेला फोन, मधल्या किमतीचा, हिरव्या रंगाचा. "तम्मा, ह्यो आला की मला सांग. आता बघायचं न्हाई. ह्यो घ्यायचाच."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "घ्यायचाच" ऐकलं. मी बेळगावला गेलो. तिथला होलसेलवाला म्हणाला, "हिरवा कशाला नेतोस? सगळे काळाच मागतात." मी हट्टाने एक हिरवा काढायला लावला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून आणला.

मामा तीनदा येऊन तो बघून गेले. वजन झालं, टेप झाला, पाटी झाली, रिंग झाली. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "सगळं कागदावर लिहून दे. नाव, बॅटरी, रंग, आत किती मावतंय ते. घरात दाखवतो." मी सुवाच्य अक्षरात पानभर लिहून दिलं. त्यांनी कागदाची चौघडी करून टेपच्या खिशात घातली.

आमच्याकडे कुरियरची गाडी जोयड्याच्या पुढे जात नाही. आतल्या गावांची पार्सलं तो माणूस माझ्या दुकानात टाकतो, लोक येऊन घेऊन जातात. त्यानंतरच्या आठवड्यातल्या सोमवारी त्याने चार खोकी काउंटरवर ठेवली. त्यातल्या एकावर मामांचं नाव होतं. खोक्यावर फोनचंही नाव होतं. रंगसुद्धा लिहिला होता.

मी ते दोनदा वाचलं. माझ्याच अक्षरातल्या कागदावरून मास्तरांनी त्यांच्यासाठी ऑनलाइन मागवला होता. माझ्या कपाटातला हिरवा फोन काचेतून माझ्याकडे बघत होता.

तुमच्यापैकी कोणी दुकान चालवत असेल तर त्याला वेगळं सांगायला नको. नफा गेल्याचं दुःख नव्हतं. दोन वर्षं तो माणूस माझ्यासमोर तळहात पुढे करून उभा राहिला, मी दर वेळी त्यावर फोन ठेवला, आणि शेवटी त्याने मला नुसता वापरला, ही आग होती. बाकीची तीन खोकी मी फळीवर लावली. मामांचं खोकं काउंटरखाली ढकललं, पाय ठेवायच्या जागेवर. सात दिवसांत कोणी नेलं नाही तर पार्सल परत जातं. मी ठरवलं, हे परत जाणार. "घेणारा आला नाही" असं मीच लिहून देणार.

मंगळवारी मामा आले. आल्या आल्या काहीही न लपवता म्हणाले, "तम्मा, तिथं ऑफर हुती. पोरगीच म्हनाली, तिथनंच मागवा. राग न्हाई न्हवं?"

"राग कसला मामा."

"मास्तर म्हनतोय, मोबाइलात दाखवतंय जोयड्यात आलंय म्हनून. आलंय काय?"

"नाही." माझे दोन्ही पाय खोक्यावर होते.

"दाखवतंय की."

"दाखवतंय ते काय खरं असतंय होय? घाटात ट्रक बंद पडलाय म्हणे." आणि मग जे म्हणायला मी सोमवारपासून टपलो होतो ते म्हणालो, "बघूया की मामा. घाई काय हाय?"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

बुधवारी पुन्हा आले. बसचं तिकीट काढून, तासाभराचा रस्ता. मी पुन्हा नाही म्हणालो. परतीची बस दुपारनंतर, तोवर ते बाकावर बसून राहिले. त्या दिवशी मी चहा एकच मागवला आणि त्यांच्यासमोर सावकाश प्यालो. गोड लागला. मी इथे स्वतःला चांगलं दाखवायला बसलेलो नाही. तो चहा खरोखर गोड लागला.

गुरुवारी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घाई दिसली. "तम्मा, उद्या शुक्रवार. उद्यापातुर मिळाला असता तर बरं झालं असतं. उद्या पोरीकडं..."

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. ते स्टँडवर गेले.

शुक्रवारी आले नाहीत. मी दिवसभर दाराकडे बघत होतो. सूड घेणाऱ्यालाही समोर माणूस लागतो.

शनिवारी आले ते हातात स्टीलचा डबा घेऊन. डबा काउंटरवर ठेवला, झाकण काढलं. आत घुगऱ्या होत्या. "खा. नातीचं बारसं झालं काल."

मी घास तोंडात घातल्यावर ते सांगू लागले. पहिलं बाळंतपण, खरं तर माहेरी व्हायचं. डॉक्टरने विमानात बसू नको म्हणून सांगितलं, म्हणून तिकडेच झालं. म्हातारीचे गुडघे गेलेले, आणि जायचं म्हटलं तर पासपोर्ट कुठला? तिकडे शुक्रवारी सुट्टी असते म्हणून बारसं शुक्रवारी धरलं. ठरलं होतं असं, की मास्तरांच्या पडवीत दोघांनी सकाळपासून बसायचं आणि पाळण्यात घालण्यापासून नाव ठेवण्यापर्यंत सगळं आपल्या फोनवर बघायचं.

"मग काल?" मी विचारलं.

"मास्तराच्या फोनवर बघितलं की. पर कसं हाय तम्मा, दुसऱ्याच्या फोनात आपली पोर किती येळ बघायची? त्यो बिचारा हात पुढं करून हुबा ऱ्हातोय. चार-पाच मिंटं बघितलं. पाळण्याजवळ बायांची गर्दी. तेवढ्यात मास्तराला कुनाचा तरी फोन आला आनि ते बंद पडलं. परत लागला तवर नाव ठिवून झालं हुतं. म्हातारी पाटंपासून नेसून बसली हुती. घरला येताना म्हनाली, नाक कुनावर गेलंय ते दिसलंच न्हाई."

खोकं माझ्या पायांखाली होतं.

मी वाकलो, ते बाहेर काढलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो. "मामा, हे... आत्ताच आलं. सकाळी."

त्यांनी तळहात पुढे केला नाही. खोकं काउंटरवरच राहिलं. त्यावर माझ्या चपलेच्या तळव्याची धूळ उमटली होती, नक्षीसकट. त्यांनी अंगठ्याने ती पुसली. मग खोकं उलटं करून चिकटवलेला कागद वाचला, कुरियरवाल्याने पोचल्याची तारीख टाकलेला. तो माणूस आयुष्यभर लाकडांवर ठोकलेले आकडे वाचत आला होता, त्याला तारीख वाचायला कितीसा वेळ लागणार. खोकं पुन्हा सरळ केलं.

"बरं झालं," म्हणाले. "उघड. सुरू करून दे."

मी दीड तास बसून सगळं करून दिलं. सिम घातलं, अक्षरं मोठी केली, व्हिडिओ कॉलचं बटण पहिल्या पानावर आणून ठेवलं. ते शेजारी बसून बघत होते. पैसे घेऊ का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. जाताना डबा मात्र रिकामा करून मागितला. उरलेल्या घुगऱ्या मला खाव्या लागल्या. सगळ्या.

मला वाटलं सुटलो. पुढच्या आठवडी बाजाराला मामा पुन्हा दारात.

बाकावर माझ्या शेजारी बसले, फोन उघडला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. पाळणा, फुलं, पाच-सहा बाया, आईच्या मांडीवर बाळ. "ह्यो बघ. बारशाचा. ह्यात आमी न्हाई."

एवढंच. मग पुढचे फोटो. बाळ झोपलेलं, बाळ जांभई देताना. मास्तरांच्या पडवीत उतरवून घेतलेले, एकेक करून सगळे. मी "छान आहे" म्हणत राहिलो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. सुरुवात त्याच फोटोने, त्याच शब्दांनी. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुकानात कितीही गर्दी असो, मामा थांबायचे. मी मोकळा झालो की फोन माझ्या डोळ्यांसमोर यायचा. "ह्यो बघ. बारशाचा. ह्यात आमी न्हाई." कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही.

एकदा त्यांनी माझ्या दुकानातूनच मस्कतला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्याकडे वळवला. "पोरी, ह्यो बघ फोनवाला."

मुलगी मोकळी हसली. "दादा, तुमचे फार उपकार. बाबांना तुम्ही किती सांभाळून घेता. ते दर वेळी तुमचं नाव काढतात."

मी फोन मामांकडे परत वळवला. मामा दुसरीकडे बघत होते, पण मिशी हलत होती.

चार-पाच महिन्यांनी मला सहन होईना. दुकानात कोणी नाही असं बघून मी म्हणालो, "मामा, ते पार्सल..."

"सोमवारी आलं," ते फोनवरची नजर न काढता म्हणाले. "शनवारी दिलास. पाच दिस. मोजलंय मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू माफी मागितली असतीस." त्यांनी पुढचा फोटो सरकवला. "आनि सुटला असतास."

ते म्हणाले, "ही बघ. दात आलाय."

गंमत अशी की नंतर ते माझ्या अंगवळणी पडलं. त्या मुलीचा पहिला दात मी तिच्या आजीच्या आधी पाहिला असेन. ती पालथी पडू लागली, रांगू लागली, एका कुंडीतली माती खाताना पकडली गेली, सगळं मला ठाऊक. एखाद्या आठवड्यात मामांना उशीर झाला तर मीच त्यांची उळवीची बस आली का बघायला दाराशी जायचो. बारशाचा फोटो मात्र त्यांनी एकदाही वगळला नाही.

या पावसाळ्यात ते तीन बाजार आले नाहीत. मला वाटलं रस्त्यावर झाड पडलं असेल, आमच्याकडे पडतंच. चौथ्या बाजाराला मास्तर आले, कागदांच्या झेरॉक्स काढायला. ते म्हणाले, मामा गेले. साधा ताप होता. दांडेलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला.

श्रावण सरता सरता एक म्हातारी काठी टेकत दुकानाच्या पायऱ्या चढली. पिशवीतून तिने तो हिरवा फोन काढला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"तूच न्हवं त्यो? हे म्हनायचे, जोयड्यात एक तम्मा हाय, घरच्यासारखा." ती धापा टाकत बाकावर बसली. "ह्येला कसलं कुलूप हाय? मला उघडता येत न्हाई. मला शिकिव बाबा. पोरीला बघायचं म्हनलं की मास्तराच्या बायकोला हाक मारावी लागती."

कुलूप मीच घालून दिलं होतं. काढून टाकलं. त्या दिवशी ती हिरवं बटण दाबायला शिकली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली, गुडघे चोळत, फोटो मागेपुढे कसे सरकवायचे ते विचारायला. मग येतच राहिली. कधी काकडी आणायची, कधी अळू. "तू म्हंजे आमचं मानूस," म्हणायची. एवढ्या लांबून, असल्या गुडघ्यांनी. मामांनी घरी पार्सलाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

एका खेपेला तिचं बोट सरकवता सरकवता बारशाच्या फोटोवर येऊन थांबलं.

"ह्यात आमीबी असतो," ती म्हणाली. "निदान फोनमधनं तरी. पर त्यो ट्रक घाटात बंद पडला. कुनाला बोल लावनार? आमचं नशीबच तसलं."

तो ट्रक मी बंद पाडला होता, माझ्या तोंडाने. ती माझ्यासमोर बसून नशिबाला दोष देत होती. गप्प बसणं सोपं होतं. जाणणारा एकच माणूस होता आणि तो गेला होता.

मी तिला सांगितलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळं. पाय कुठे ठेवले होते तेसुद्धा.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "त्येस्नी ठाऊक हुतं?"

"होय. खोकं दिलं त्या दिवसापासून."

"आनि तरी तुझ्याकडं येऊन बसायचे?"

"होय."

तिने फोन पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. काठी घेऊन उठली. पायरी उतरताना मी हात पुढे केला, तिने तो बघितलाही नाही. "त्यो लई मोठ्या मनाचा हुता," ती पाठमोरीच म्हणाली. "मी न्हाई."

ती मामांना मोठ्या मनाचा समजली. ते कसे होते ते मी तिला सांगू शकलो असतो, पण आता माझं ऐकतं कोण?

त्यालाही दोन महिने झाले. स्टँडच्या पलीकडे, हॉटेलाला लागून, मोबाइलचं दुसरं दुकान आहे. दर आठवडी बाजाराला ती बसमधून उतरते आणि रस्ता ओलांडून तिकडे जाते. त्या दुकानाला चार उंच पायऱ्या आहेत, माझ्याकडे दोनच. ती काठीवर भार टाकून चारही चढते, माझ्याकडे पाठ करून बसते. तिथला माणूस तिच्यासमोर फोन धरतो. मधूनच तिचा खांदा हलतो, हसत असावी. काहीतरी नवीन केलं असेल पोरीने. आता चालायला लागली असेल.

इथून काही दिसत नाही.